टोरांटोतल्या सायकल लेन काढायच्या की ठेवायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळाचा कार्यक्रम असो, गणपतीची आरती असो की कुणाच्या तळघरातलं डोहाळजेवण, २०२४ च्या हिवाळ्यापासून टोरांटोतल्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो आणि निघाला की आवाज चढतात. वर्षातले जवळजवळ सगळे महिने मी ब्लोर स्ट्रीटवरून सायकलने कामावर जाते. आमच्याकडे गाडीही आहे, शनिवार-रविवारी मीच चालवते. त्यामुळे दोन्ही बाजूंचे प्रश्न मला विचारले जातात. ते एका जागी लिहून ठेवलेत. माझं मत काय आहे ते उत्तरांतून कळेलच, ते लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

एक खुलासा आधीच करते. आपल्याकडे ‘बाईक’ म्हटलं की मोटारसायकल डोळ्यांसमोर येते. इथे बाईक म्हणजे सायकल. गोंधळ नको म्हणून मी सगळीकडे ‘सायकल लेन’ असंच लिहिलं आहे.

वाद नेमका कशावरून पेटला?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑन्टारियो प्रांताच्या सरकारने विधिमंडळात एक विधेयक आणलं, बिल २१२. प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, डग फोर्ड आणि परिवहन मंत्री प्रबमीत सरकारिया यांचं म्हणणं असं की शहरात वाहतूक कोंडी फार झाली आहे आणि तिला सायकल लेन जबाबदार आहेत. विधेयकात दोन मुख्य गोष्टी होत्या. पहिली, गाड्यांची एखादी लेन कमी करून सायकल लेन करायची असेल तर यापुढे शहराने प्रांताची परवानगी घ्यायची. दुसरी जास्त झोंबणारी होती: टोरांटोतल्या ब्लोर स्ट्रीट, यंग स्ट्रीट आणि युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यू या तीन रस्त्यांवरच्या आधीच बांधलेल्या लेन उखडायच्या. २५ नोव्हेंबर २०२४ ला त्याचा कायदा झाला. मांडल्यापासून जेमतेम पाच आठवड्यांत.

या तीन लेन एवढ्या महत्त्वाच्या का?

तिन्ही मिळून साधारण १९ किलोमीटर भरतात. आकडा छोटा वाटेल, पण नकाशा काढून बघा. ब्लोर शहराला पूर्व-पश्चिम कापतो, यंग आणि युनिव्हर्सिटी उत्तर-दक्षिण. बाकीच्या लेन या तीन रस्त्यांना येऊन मिळतात. शिवाय या लेन नुसत्या रंगाच्या पट्ट्यांनी आखलेल्या नाहीत. बहुतेक ठिकाणी सायकल आणि गाडी यांच्यामध्ये काँक्रीटचा कठडा, खांब किंवा उभ्या गाड्यांची रांग आहे. शहरभर सुट्या पट्ट्या कितीही आखल्या तरी मधला हा सांगाडा गेला की एका भागातून दुसऱ्या भागात सुरक्षित जायला वाट उरत नाही.

आणि त्या एका रात्रीत आलेल्या नाहीत. ब्लोरवर लेन हवी ही मागणी कितीतरी दशकं चालू होती. २०१६ मध्ये शॉ स्ट्रीट ते ॲव्हेन्यू रोड एवढ्या टप्प्यात प्रयोग म्हणून ती आखली गेली, वर्षभर मोजमाप झालं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरपरिषदेने ३६ विरुद्ध ६ मतांनी ती कायम केली. युनिव्हर्सिटीवर कोविडच्या काळात, २०२० मध्ये लेन आली. पश्चिमेला एटोबिको या उपनगरी भागापर्यंतचा टप्पा सगळ्यात अलीकडचा, आणि ठिणगी पडली ती तिथेच.

शहरातला रस्ता शहराचा. त्यात प्रांत सरकारचा काय संबंध?

कॅनडाच्या राज्यघटनेत शहरांना स्वतःचा असा अधिकार नाही. प्रांत देईल तेवढाच. महापालिका आणि राज्य सरकार यांचं नातं ज्यांनी मुंबई-पुण्यात पाहिलं आहे त्यांना हे नवं नाही. फोर्ड सरकारने २०१८ मध्ये तर ऐन निवडणुकीच्या तोंडावर टोरांटोच्या प्रभागांची संख्या ४७ वरून २५ वर आणली होती. कायद्याने त्यांना ते करता आलं. पण चौकाचौकात मोजणी करून, रहिवाशांच्या सभा घेऊन, निवडून आलेल्या नगरसेवकांनी मतदान करून घेतलेला निर्णय वरून येऊन पुसायचा, हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं.

सायकल चालवणारे असतातच किती? १.२ टक्क्यासाठी एवढा रस्ता?

हा १.२ टक्के आकडा मंत्र्यांनी इतक्या वेळा सांगितला की तो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरला. म्हणून त्याची जरा फोड करते.

एक तर तो २०११ सालचा आहे, ब्लोरवर लेन येण्याच्या पाच वर्षं आधीचा. दुसरं, तो टोरांटो शहराचा नाही, आख्ख्या महानगर क्षेत्राचा आहे. त्यात मिसिसॉगा आलं, ब्रॅम्प्टन आलं, जिथून डाउनटाउनला सायकलने कुणी येणार नाही. तिसरं, तो फक्त कामावर जाणाऱ्यांचा आहे. कॉलेजला जाणारी मुलं, भाजी आणायला जाणारे, पोराला शाळेत सोडणारे, लायब्ररीत जाणारे आजोबा, यातलं कुणी त्यात धरलेलं नाही.

आता दुसरा आकडा. भाड्याने सायकल देणारी शहराची सार्वजनिक योजना २०११ मध्ये हजारेक सायकलींवर सुरू झाली. २०२४ मध्ये तिच्यावर सुमारे ६९ लाख फेऱ्या झाल्या. यात स्वतःची सायकल असलेले आम्ही कुणीच नाही. आणि आणखी एक साधी गोष्ट: नदीवर पूल नसताना किती लोक पोहून जातात ते मोजून पुलाची गरज ठरवत नाहीत. ब्लोरवर २०१६-१७ च्या प्रयोगातच सायकलींची संख्या जवळजवळ निम्म्याने वाढली होती.

लेन काढल्या तर ट्रॅफिक सुटेल ना?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्यावर मी कधी चिडत नाही. संध्याकाळी साडेपाचला किप्लिंगच्या आसपास गाडीत अडकून पडलं की शेजारची मोकळी लेन बघून कुणाच्याही मनात हेच येईल.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सायकल लेनमुळे गाड्यांना काही ठिकाणी वेळ जास्त लागतो. ब्लोरच्या पहिल्या प्रयोगात सुरुवातीला संध्याकाळी बराच उशीर होत होता. सिग्नलच्या वेळा बदलल्यावर तो सकाळी सुमारे २ आणि संध्याकाळी सुमारे ४ मिनिटांवर आला. शहरानेच हे मोजलं आणि जाहीर केलं. लेनमुळे काही फरक पडत नाही असं म्हणणारे माझ्या बाजूचे लोक मला तितकेच चुकीचे वाटतात.

पण ती लेन गाड्यांना परत दिली म्हणजे ती ४ मिनिटं परत मिळतील, हे मात्र खरं नाही. तेव्हा टोरांटो विद्यापीठातच असलेल्या दोन अर्थतज्ज्ञांनी, जिल ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी, अमेरिकेतल्या शहरांचा अभ्यास करून २०११ मध्ये दाखवलं की महामार्ग जितके वाढवावेत जवळजवळ तितकीच वाहतूकही वाढते. जागा झाली की आधी बसने जाणारा गाडी काढतो, आधी दुपारी जाणारा पाचला निघतो, आणि थोड्याच दिवसांत रांग होती तेवढीच होते. पुरावा घराजवळच आहे. विमानतळाजवळ ४०१ हायवे १८ लेनचा आहे. तिथे एकही सायकल नाही. मंगळवारी संध्याकाळी जाऊन बघा.

त्यात ब्लोरवर एक लेन सोडली तरी ती दिवसभर मोकळी राहत नाही. सामान उतरवणारे ट्रक, दोन मिनिटांत येतो म्हणून दिवे लुकलुकवत उभ्या केलेल्या गाड्या, उजवीकडे वळायला थांबलेले, हे सगळं त्याच लेनमध्ये असतं. लेन येण्याआधीचा ब्लोर ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवत असेल.

मग एवढी कोंडी होते कशाने?

खोदकामाने, मुख्यतः. गार्डिनर एक्सप्रेसवेच्या दुरुस्तीसाठी मार्च २०२४ पासून दीडेक वर्ष लेन बंद होत्या. नव्या मेट्रोसाठी क्वीन स्ट्रीट डाउनटाउनमध्ये २०२३ पासून बंद आहे. एग्लिंटन रस्त्यावरच्या लाइट रेल्वेचं काम २०११ ला सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं लोकांनी तिथल्या पत्र्यांमधून वाट काढली. शिवाय जिथे तिथे नवे टॉवर उभे राहताहेत आणि कितीतरी टॉवर बांधताना समोरच्या रस्त्याची एक लेन बिल्डरला भाड्याने मिळते. त्याबद्दल विधेयकं येत नाहीत म्हणून वाईट वाटतं.

ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेड अडकते म्हणतात, ते?

काळजी रास्त आहे, कारण युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर ओळीने मोठी हॉस्पिटलं आहेत. पण शहराच्या अग्निशमन दलाने आकडे मांडले तेव्हा लेनमुळे पोचायला वेळ वाढल्याचं त्यांत दिसलं नाही. त्याच हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांनी तर लेन ठेवा म्हणून पत्रं लिहिली. एक तर त्यांच्यातले आणि त्यांच्या नर्सेसपैकी अनेक सायकलने येतात. दुसरं म्हणजे गाडीखाली आलेले सायकलस्वार शेवटी त्यांच्याच टेबलावर येतात.

दुकानदारांचं नुकसान झालं ना? दारासमोरचं पार्किंग गेलं.

काहींचं झालं असेल, मी नाही म्हणणार नाही. पण सगळ्यांचं झालं, हे मोजल्यावर टिकत नाही. २००९ मध्ये, म्हणजे लेन येण्याच्या खूप आधी, ब्लोरवरच्या ॲनेक्स भागातल्या पाहणीचा अहवाल आला होता. त्यात गाडीने येणारी गिऱ्हाईकं १० टक्केच निघाली. बाकीचे चालत, सबवेने, सायकलने. ब्लोरच्या खाली १९६६ पासून सबवे धावते, तेव्हा यात नवल नाही. २०१६ च्या प्रयोगानंतर त्याच भागातल्या व्यापाऱ्यांच्या संघटनांना सोबत घेऊन पुन्हा अभ्यास झाला, आणि त्यातही गिऱ्हाईक आणि खर्च दोन्ही वाढलेलेच दिसले.

गाडीने जाणारा माणूस दुकान बघेपर्यंत पुढच्या चौकात पोचलेला असतो. सायकलवरून मला पाटी दिसते, वास येतो, मी थांबते. कोरियन बेकरीतल्या अक्रोडाच्या गरम केकांची पिशवी हँडलला अडकवून घरी नेणं हा आमचा दर शुक्रवारचा ठरलेला कार्यक्रम आहे.

कोर्टाने काय निकाल दिला?

‘सायकल टोरांटो’ ही संघटना आणि दोन सायकलस्वार कोर्टात गेले. इकोजस्टिस या संस्थेच्या वकिलांनी त्यांची बाजू मांडली. मुद्दा होता कॅनडाच्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेच्या (चार्टरच्या) कलम ७ चा. जीवित, स्वातंत्र्य आणि व्यक्तीची सुरक्षितता यांचा हक्क त्या कलमात आहे. आपल्या राज्यघटनेतल्या कलम २१ चा भाऊच म्हणा.

न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी २२ एप्रिल २०२५ ला आधी तात्पुरती स्थगिती दिली: निकाल लागेपर्यंत लेनला हात लावायचा नाही. मग ३० जुलै २०२५ ला निकाल आला. या तीन रस्त्यांवरच्या लेन काढणं घटनेशी विसंगत आहे, असं त्यांनी म्हटलं. लेन काढल्या की लोक जखमी होतील, मरतील, याचा पुरावा समोर होता. लेन काढल्याने कोंडी कमी होईल याचा पुरावा मात्र सरकारला देता आला नाही. उलट सरकारला त्याच्याच अधिकाऱ्यांनी आणि सल्लागारांनी जे सांगितलं होतं, ते या निर्णयाच्या विरुद्ध जाणारं होतं. जो हेतू सांगितला तो साधतच नसेल आणि त्यापायी माणसांचे जीव धोक्यात जाणार असतील, तर असा कायदा मनमानीचा ठरतो, हा निकालाचा गाभा.

निकाल आला त्या संध्याकाळी घरी जाताना एका सिग्नलला आम्ही सातआठ सायकलवाले थांबलो होतो. एरवी कुणी कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी पुढच्या बाईंनी वळून फक्त “ऐकलंत का?” एवढंच विचारलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

म्हणजे सायकल लेन हा आता मूलभूत हक्क झाला?

नाही, आणि हा गैरसमज दोन्हीकडे आहे. शहराने अमुक रस्त्यावर लेन बांधलीच पाहिजे असं कोर्टाने म्हटलेलं नाही. एकदा बांधलेली लेन कधीच हलवता येणार नाही, असंही नाही. असलेलं संरक्षण पुराव्याशिवाय काढून लोकांना धोक्यात लोटू नका, एवढंच.

याच संदर्भात कायद्यातलं एक कलम सांगायलाच हवं. विधेयक मंजूर होता होता त्यात एक दुरुस्ती घातली गेली: लेन काढल्यामुळे कुणी जखमी झालं किंवा मेलं, तर सरकारवर दावा लावता येणार नाही. ते वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मोजायचं राहून गेलं. धोका नाही असं ज्याला खरंच वाटतं तो अशी सोय आधीच करून ठेवत नाही.

आता पुढे काय?

सरकार अपिलात गेलं. दरम्यान नोव्हेंबर २०२५ मध्ये बिल ६० मंजूर झालं. त्यात नव्या लेनबाबतची अट आणखी कडक झाली: आता गाड्यांची लेन कमी करून सायकल लेन करायलाच शहरांना बंदी. हा फटका टोरांटोपुरता नाही. हॅमिल्टन, ऑटवा, वॉटर्लू, सगळीकडच्या पुढच्या योजनांना तो बसणार. तीन जुन्या लेन वाचवायच्या लढाईकडे सगळ्यांचं लक्ष राहिलं, आणि न बांधल्या गेलेल्या लेनसाठी कुणी रस्त्यावर उतरलं नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

लेन काढायला खर्च किती?

शहराच्या अंदाजाने या तीन लेन बांधायला सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर लागले होते. काढायला किमान ४ कोटी ८० लाख लागतील, असं शहराच्याच अहवालात होतं. प्रांताला हा अंदाज मान्य नव्हता. जास्त खर्च कशाला, तर रस्ता नुसता खरवडून भागत नाही. कठडे फोडायचे, सिग्नल हलवायचे, पाणी जायच्या जाळ्या आणि फुटपाथची कड पुन्हा करायची, आणि ते करताना रस्ता पुन्हा महिनोन्महिने खोदलेला.

इथे आधी कधी लेन काढून पाहिली आहे का?

हो, जार्व्हिस स्ट्रीटवर. २०१० मध्ये लेन आली. मोजणीत आठ तासांत जिथे २९० सायकली जायच्या तिथे ८९० जायला लागल्या. गाड्यांना गर्दीच्या वेळी साधारण २ मिनिटं जास्त लागली. २०११ मध्ये नगरपरिषदेने लेन काढायचं ठरवलं आणि २०१२ च्या अखेरीला पट्टे खरवडले. तेव्हा महापौर होते रॉब फोर्ड, आताच्या प्रीमियरांचे धाकटे भाऊ. डग फोर्ड स्वतः त्या वेळी नगरसेवक होते. काही सायकलस्वार पट्टे खरवडणाऱ्या ट्रकसमोर जाऊन बसले होते.

बदल्यात शेजारच्या शेरबोर्न स्ट्रीटवर संरक्षित लेन केली गेली. आज जार्व्हिस बघा. गाड्या तशाच तुंबलेल्या, फक्त सायकली नाहीत.

मुख्य रस्त्यावरूनच कशाला? मागच्या गल्ल्यांतून जावं ना.

जिथे सरळ गल्ली आहे तिथे आम्ही जातोच. पण नकाशा बघा: ब्लोरला समांतर एकही गल्ली शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. मध्येच बाग येते, रेल्वेलाइन येते, दरी येते, नाहीतर एकेरी वाहतूक असते. डॉन नदीची आणि हम्बर नदीची दरी ओलांडायला पूल मोजके, आणि ते बहुतेक मुख्य रस्त्यांवरच. शिवाय मला जायचं असतं ते दुकान, ते ऑफिस, तो दवाखाना मुख्य रस्त्यावरच असतो.

लेन नसली की काय होतं ते एकदाच अनुभवलंय. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, लेन नसलेल्या एका रस्त्यावरची. उजवीकडे उभ्या गाड्यांची रांग, डावीकडे ट्रामचे रूळ, मध्ये मला जेमतेम हातभर जागा. एका उभ्या गाडीचं दार उघडलं. आधी ती चांदीची कडा दिसली, मग काही नाही. मी रुळांवर पडले होते आणि मागून येणाऱ्या ट्रामची घंटा वाजत होती. चालकाने वेळेत थांबवली. दार उघडणारा माणूस भला होता, त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. त्याने आरशात पाहिलं नव्हतं, एवढंच. इथे या प्रकाराला ‘डोअर प्राइझ’ म्हणतात. ऑन्टारियोत असं दार उघडून कुणाला धडकवलं तर ३६५ डॉलर दंड आणि लायसन्सवर दंडाचे ३ गुण (डिमेरिट पॉइंट) आहेत. पण दंडाने खांद्याचं हाड जुळत नाही. कठडा असलेल्या लेनमध्ये हे घडलंच नसतं.

२०२४ मध्ये टोरांटोत सहा सायकलस्वार गेले. त्यातली एक चोवीस वर्षांची मुलगी ब्लोरवरच. तिथे लेन होती, पण लेनमध्ये बांधकामाचा राडारोडा भरायची लोखंडी पेटी ठेवलेली होती. लेन सोडून तिला गाड्यांमध्ये यावं लागलं. त्या जागी पांढरी रंगवलेली सायकल उभी केली गेली. रोज त्या सायकलीजवळून जाताना मी वेग कमी करते.

हिवाळ्यात कोण चालवतं? सहा महिने रिकामी लेन.

सहा महिने नाही. नोव्हेंबरात बर्फ फारसा नसतो, मार्चपासून बर्फ ओसरतो. कमी होतात हे खरं, पण रिकामी नसते. फिनलंडमधलं ओउलू आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला आहे आणि तिथली पोरं बर्फातून सायकलने शाळेत जातात, कारण तिथे लेनवरचा बर्फ वेळेवर निघतो. इथे फेब्रुवारी २०२५ मध्ये लागोपाठ मोठी वादळं झाली तेव्हा गाड्यांसाठी रस्ता साफ करून तो सगळा ढीग सायकल लेनमध्ये लोटलेला होता. मी पंधरा दिवस सबवेने गेले. मग त्याच पंधरा दिवसांतले रिकाम्या लेनचे फोटो ग्रुपवर आले.

जेवण पोचवणारी पोरं लेनमधून सुसाट जातात, त्यांचं काय?

त्रास होतो, मान्य. जाड चाकांच्या, विजेवर चालणाऱ्या त्या गाड्या सायकलीपेक्षा स्कूटरच्या जवळच्या. पण ही पोरं कोण आहेत? त्यातली कितीतरी पंजाबातून, गुजरातेतून, आपल्या महाराष्ट्रातून शिकायला आलेली. फी भरून झाल्यावर भाड्याला पैसे उरत नाहीत म्हणून रात्री अकराला उणे दहात कुणाची तरी बिर्याणी पाठीवर घेऊन निघालेली. लेन काढली तर ती पोरं नाहीशी होणार नाहीत. ट्रकच्या आणि उभ्या गाड्यांच्या मधल्या फटीतून जातील. मंडळात या विषयावर बोलताना ती आपलीच पोरं आहेत हे विसरू नये, एवढी माझी विनंती आहे.

एटोबिकोत विरोध करणारे सगळे चुकीचे आहेत का?

नाही. तिथल्या माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवत नाही. डॉक्टरच्या दारात गाडी थांबवायची जागाच गेली, हे त्यांचं दुखणं खरं आहे. काही चौकांत उजवीकडे वळायची रांग मागच्या सिग्नलपर्यंत जाते. तिथे घरं पसरलेली, बस उशिराची, डाउनटाउनसारखं सगळं हाकेच्या अंतरावर नाही. या तक्रारींना उत्तर आहे: अपंगांसाठी आणि माल उतरवायला राखीव जागा, सिग्नलची वेळ, वळणासाठी वेगळी लेन. शहराने यातलं काही केलं, पण उशिरा केलं, आणि आधी लोकांचं पुरेसं ऐकलं नाही असं मलाही वाटतं. जिथे चुकलंय तिथे दुरुस्त करा. सगळंच उखडून टाका ही दुरुस्ती होत नाही.

आपल्याकडे, मुंबई-पुण्यातही असंच झालं ना?

मुंबईत झालं. एमएमआरडीएने २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातले सायकल ट्रॅक काढून ती जागा गाड्यांच्या लेनला द्यायचं ठरवलं. दहा मिनिटांचा प्रवास सातवर येईल असं सांगितलं गेलं. बीकेसीत ट्रॅक वापरले जात नव्हते ही गोष्ट खरी. पण ट्रॅक संकुलाच्या आतच संपत होते. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनवर उतरलेल्या माणसाला तिथपर्यंत सायकलने सुरक्षित पोचताच येत नव्हतं, आणि पोचला तर ट्रॅकवर मोटारसायकली लावलेल्या. टोरांटोत वापरात असलेली लेन काढायला निघाले, मुंबईत वापरता न येणारी.

पुण्याचं मला जास्त लागतं, कारण मी तिथे वाढले. सायकलींचं शहर म्हणून ज्याची ओळख होती, तिथे महापालिकेने २०१७ मध्ये मोठी सायकल योजना मंजूर केली, भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि एकदोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. तिथे ट्रॅक समारंभाने कुणी काढत नाही. मध्ये डीपीचा खांब उभा राहतो, पुढे वडापावची गाडी लागते, मग दुचाक्यांचं पार्किंग होतं, आणि एक दिवस फरशा उखडलेल्या जागी नुसती माती दिसते. माझे वडील चाळीस वर्षं सदाशिव पेठेतून सायकलने कामावर गेले. इथे आले तेव्हा पंचाहत्तरीत होते. ब्लोरच्या लेनमध्ये कठड्याच्या आतून त्यांनी पुन्हा सायकल चालवली, हाय पार्कपर्यंत, एकदाही मागे वळून न बघता.

मी नवीन आहे. सुरुवात कुठून करू?

तळ्याकाठच्या मार्टिन गुडमन ट्रेलवर. तिथे गाड्या नाहीत, हात बसतो. मग रविवारी सकाळी ब्लोरवर हाय पार्कपासून पूर्वेला निघा. घंटा, पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर कायद्याने लागतो, दिवे सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी लावायचे. हेल्मेट अठरा वर्षांखालच्यांनाच सक्तीचं आहे, पण तुम्ही घालाच. फुटपाथवर चालवायची परवानगी फक्त लहान मुलांना. ट्रामचे रूळ ओलांडताना चाक काटकोनात न्या, तिरकं नेलंत तर ते खोबणीत अडकतं, पावसात तर हमखास. उभ्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर ठेवा. आणि लेनमध्ये कचऱ्याची पेटी किंवा गाडी उभी दिसली तर शहराच्या तक्रार क्रमांकाला, ३११ ला, फोन करून जागा सांगा. पत्ता नीट सांगितला तर माणूस येतो, मी दोनदा पाहिलंय.